झाकणाऱ्याचं नाव

अम्माला अल्लाचं जे नाव सगळ्यांत जवळचं होतं, ते आमच्या घरातल्या कॅलेंडरात नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दाराशेजारी ते कॅलेंडर टांगलेलं असे. वर्ष सरलं तरी ते कुणी उतरवलं नाही, कारण त्याच्या वरच्या भागात अल्लाची नव्व्याण्णव नावं छापलेली होती. प्रत्येक नाव आपापल्या चौकोनात आणि खाली बारीक अक्षरात अर्थ. रहमान, रहीम, मलिक, कुद्दूस. मदरशात मी ही नावं घडाघडा म्हणून दाखवायची आणि पाठांतरात गल्लीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. अम्माला एवढी नावं पाठ नव्हती. भाकरी थापताना, पिळलेली चादर झटकताना, गुडघ्यावर हात टेकून उठताना तिच्या तोंडी एकच असे, "या सत्तार." एकदा मी स्टुलावर चढून सगळे चौकोन बोट ठेवून तपासले. सत्तार कुठंच नव्हतं.

"अम्मा, तुझं नाव हितं न्हायच की," मी वरूनच ओरडले. दुसऱ्याची चूक सापडली की मला फार आनंद होई.

"नसंल," ती म्हणाली. "खाली उतर. पडशील."

मदरशातल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, छापील यादीत गफ्फार आहे, म्हणजे माफ करणारा. सत्तार हे नाव लोक दुआत घेतात, त्याचा अर्थ बंद्यांचे ऐब झाकणारा. ऐब म्हणजे खोट, उणेपण, माणूस जे दुसऱ्याच्या नजरेपासून जपत असतो ते. मी घरी येऊन हे अम्माला ऐकवलं आणि वर स्वतःची अक्कलही पाजळली. माफ करणारा मोठा की झाकणारा? एकदा माफ केल्यावर झाकायचं काय उरलं?

अम्मानं तव्यावरची भाकरी उलटली. "माफ करनं त्याचं काम हाय," ती म्हणाली. "ते आपल्याला कुठलं जमायला? झाकनं जमतंय, तर तेवढं करावं."

आमचं घर शिवाजी पेठेच्या एका टोकाला होतं. अब्बा शिंपी. तालीम मंडळांच्या फुटबॉल संघांचे शर्ट ते शिवायचे आणि सामने जवळ आले की घरभर रंगीत कापडाचे तुकडे उडत. घरात आम्ही आमची मुसलमानी बोली बोलायचो, अर्धी हिंदी, अर्धी मराठी, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की अस्सल कोल्हापुरी. अम्मा दोन्हींची मिसळ करायची. इथं तिचं बोलणं मी कोल्हापुरीतच लिहिते, कारण मला नीट लिहिता येतं ते तेवढंच.

अम्माकडे एक काम होतं. आजूबाजूच्या चार गल्ल्यांत मुसलमानाच्या घरी बाई वारली, की तिला शेवटची आंघोळ घालायला अम्माला बोलावणं येई. या आंघोळीला गुस्ल म्हणतात आणि बाईचं गुस्ल बायकांनीच करायचं असतं. अम्मानं हे तिच्या सासूकडून शिकून घेतलं होतं. पत्र्याच्या ट्रंकेत तिच्या पांढऱ्या कापडी पिशव्या असत, हातात घालायच्या, मनगटाशी नाडी असलेल्या, अब्बांनी शिवून दिलेल्या. मयताच्या झाकलेल्या अंगाला उघड्या हातानं शिवायचं नसतं. पाण्यात बोरीचा पाला उकळायचा, शेवटच्या पाण्यात कापूर टाकायचा आणि सगळा वेळ मयतावर एक जाड चादर राहू द्यायची. हात चादरीच्या खाली, पाणी चादरीच्या खाली, डोळे होता होईल तो चादरीच्या वर.

तरी दिसायचं ते दिसतंच. माणूस आयुष्यभर काय काय कपड्यांखाली घेऊन फिरत असतं. जे दिसलं ते तिथंच ठेवून यायचं, हा गुस्ल देणारीचा नियम. घरी आली की अम्मा आंघोळ करायची, चहा टाकायची आणि तांदूळ निवडायला बसायची. मग चहाच्या निमित्तानं बायका डोकावत. "कशी हुती गं शेवटी? त्वांडावर नूर हुता म्हनं?"

"हुता की," अम्मा म्हणायची. "लई नूर हुता."

नूर म्हणजे तेज. अम्माचं ऐकायचं तर आमच्या चारही गल्ल्यांतल्या एकूण एक बाईच्या चेहऱ्यावर मेल्यावर नूर होता, भांडकुदळ होत्या त्यांच्यासुद्धा. समोरच्या घरातल्या वैनी एकदा हसून म्हणाल्या, "तुमचं आपलं झाकली मूठ सव्वा लाखाची." अम्मा म्हणाली, "ती आपली मूठ झाली, वैनी. दुसऱ्याची मूठ कोन झाकतंय?"

एकदाच ती झाकायला नाही म्हणाली. एका घरी लग्नाला वर्षही न झालेली सून वारली होती. अम्मानं अंगावरची चादर सारखी केली आणि पाण्याला हात न लावताच बाहेर आली. मुलीच्या बापाला बाजूला बोलावून म्हणाली, "पोलीस आल्याबिगर हिला पानी घालायचं न्हाय." सासरच्यांनी आरडाओरडा केला, गुस्ल देणाऱ्या बाईनं बोलायचं नसतं म्हणाले. अम्मा दारात बसून राहिली. मी तेव्हा लहान होते, पण ती घरी आल्यावर अब्बांना जे म्हणाली ते माझ्या कानावर पडलं. "ऐब झाकायचा. जुलूम झाकायचा न्हाय."

ही एवढी बाई माझी आई, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता. शाळेत कुणाला छडी बसली हे त्याच्या घरी मी आधी सांगायची. अम्मा म्हणायची, हिच्या जिभेला अल्लानं हाडच दिलं न्हाय. तेव्हा सगळे हसायचे, मीही हसायची.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत, मी एकोणीस वर्षांची असताना, अम्माबरोबर पाणी घालायला येणाऱ्या बाईचे गुडघे धरले. दुसरी कुणी तयार नव्हती. अम्मानं खूप विचार केला असावा, कारण दोन दिवस ती माझ्याशी नेहमीपेक्षा कमी बोलली. मग ट्रंकेतून पिशव्यांची एक जोडी काढून माझ्या हातात दिली. मला कुणी तलवार दिल्यासारखं वाटलं. आमच्या वयाच्या मुली मयताच्या घरावरून जायलाही भ्यायच्या.

माझं पहिलंच गुस्ल शेजारच्या खालांचं निघालं. खाला म्हणजे मावशी, नात्यातल्या नव्हत्या, पण आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. काजं करायला मला त्यांनीच शिकवलं होतं. मे महिन्याच्या उकाड्यातही त्यांची बाही मनगटापर्यंत आणि गळा बंद. आम्ही समजायचो, फार परहेजगार बाई, धर्माचं कडक पाळणारी. त्यांची एकच मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तिला मी आपा म्हणायची. आपाचं लग्न कबनूरच्या एका मुलाशी ठरलेलं होतं. खाला ताप येऊन चार दिवसांत गेल्या.

चादरीखाली पाणी ओतताना एकदा कड सरकली आणि मला दिसलं. खालांच्या कमरेपासून पाठभर, दंडांवर, कोड होतं. पांढरे मोठे डाग, एकमेकांत मिसळलेले. माझा तांब्या थांबला. अम्मानं डोळ्यांनीच दटावलं आणि कड सारखी केली. आमच्याकडे कोड म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. ते लागत नाही, दुखत नाही, त्यात कुणाचा गुन्हा नाही. पण आईच्या अंगावर आहे कळलं तर मुलीचं स्थळ मोडतं. ती बाई वीस-पंचवीस वर्षं उकाड्यात बंद गळ्यात घुसमटली ती याच्यासाठी. हे मी आज लिहिते आहे ते जिला विचारायला हवं होतं तिला विचारून. ती म्हणाली, लिही, पण नाव घालू नकोस. म्हणून इथं कुणाचंच नाव नाही, माझंही नाही.

घरी आल्यावर अम्मानं माझ्या हातावर पाणी घातलं आणि म्हणाली, "आज बघितलंस ते तुझं न्हवं. अमानत हाय. खालांनी आपल्याजवळ ठेवली, आता मागायला त्या येनार न्हाईत." मी मान डोलावली. मनापासून डोलावली, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या दिवशी मला खरोखर वाटलं होतं की माझ्या जिभेला हाड आलं.

महिनाभरानं ईद झाली आणि मी मामाकडे कबनूरला गेले. मामाच्या घराला लागून मागाची शेड होती. ज्यांनी यंत्रमाग ऐकले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही, तिथं शेजारी उभ्या माणसाशीसुद्धा बेंबीच्या देठापासून ओरडून बोलावं लागतं. त्या भागातली माणसं घरीही मोठ्यानं बोलतात ते त्यामुळंच. मामेबहीण मागाजवळ उभी होती, मी तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होते. तिनं विचारलं, मयताला हात लावताना भ्या वाटलं न्हाय? मी म्हटलं, हॅट्, भ्यायचं काय त्यात. तिचे डोळे मोठे झाले. ते मोठे झालेले डोळे मला आवडले. अजून मोठे व्हावेत असं वाटलं. एवढंच. आपाबद्दल माझ्या मनात वाकडं काही नव्हतं, खालांवर तर माझा जीव होता. मला फक्त दाखवायचं होतं, की मी काय काय पाहून आले आहे.

"आमच्या शेजारच्या खाला गेल्या न्हवं का," मी तिच्या कानात ओरडले, "त्यांच्या अंगभर कोड हुतं, कुनाला कवा कळलं न्हाय!"

आणि लाईट गेली.

सगळे माग एकदम थांबले. शेजारच्या शेडमधले, त्याच्या पलीकडचेही. माझं वाक्य मध्यावर होतं आणि तोंड बंद व्हायच्या आत शेवटचे शब्द त्या शांततेत खणखणीत वाजले. कोपऱ्यात एक बाई कांड्या भरत बसली होती, सूत गुंडाळायच्या त्या लाकडी कांड्या. तिनं मान वर केली. "कुनाच्या अंगावर कोड गं, कोल्हापूरच्या?" तिनं विचारलं. मी म्हटलं, कुणी न्हाय. मामेबहिणीनं नंतर सांगितलं, आपाचं ज्याच्याशी ठरलं होतं त्या मुलाची ती चुलती. आपाचं सासर कबनूरचं, हे मला ठाऊक होतं. कबनूर केवढं, त्यात मुसलमानांची घरं किती, हेही ठाऊक होतं. मागाच्या खडखडाटात आपण सुरक्षित आहोत असं मला वाटलं, एवढाच माझा शहाणपणा.

आठ दिवसांत निरोप आला. आईला कोड होतं, आमच्यापासून लपवलंत, आम्हाला पुढं जायचं नाही. त्या लोकांचा मला आजही राग येतो. चांगली घडाघडा वाचणारी, नाकीडोळी नीटस मुलगी, तिच्या आईच्या पाठीचा रंग वेगळा म्हणून नाकारली. पण त्यांच्यावरच्या रागाआड मला लपता येत नाही. निरोप तोंडातोंडी गल्लीत पोचेपर्यंत त्यात एवढंच उरलं होतं, की बातमी न्हाऊ घालणारीच्या घरातनं गेली.

दुपारी चार बायका आमच्या घरी आल्या. अब्बा दुकानात होते. मी खिडकीशी मशीनवर शर्टाची कड दुमडत होते, अम्मा जमिनीवर तांदूळ निवडत होती. बायका बसल्या नाहीत. आपा त्यांच्या मागं उंबऱ्याशी उभी होती, आत आली नाही.

"मयताची गोष्ट तुमच्या घरातनं भाईर गेली म्हनत्यात," त्यांच्यातली थोरली म्हणाली. "खरं हाय?"

अम्मानं मान उचलून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मशीनच्या चाकावरचा माझा हात तसाच राहिला होता. तिला सगळं कळलं आणि कळलं हे मला कळलं. मग ती परत सुपाकडे बघत म्हणाली, "व्हय. माझ्या तोंडनं गेलं."

थोरलीला हे अपेक्षित नसावं. "तुमच्याकडनं ही उमेद नव्हती," म्हणाली आणि निघाली. मी उठले नाही. तोंड उघडलं नाही. आयुष्यभर नको तिथं वाजलेली माझी जीभ त्या दिवशी, बरोबर त्या दिवशी, टाळ्याला चिकटून बसली.

त्या गेल्यावर मी अम्माच्या पायाशी बसून रडले. म्हटलं, मी जाते, खरं सांगते, आपाच्या पाया पडते. अम्मानं सूप बाजूला ठेवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "चादर वढली की पुन्यांदा उचलायची न्हाय," एवढंच म्हणाली. मी ते ऐकलं. आईचा शब्द म्हणून ऐकलं असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं असं, की मला ते ऐकायला सोयीचं होतं.

त्यानंतर अम्माला कुणी गुस्लला बोलावलं नाही. मागच्या गल्लीतली एक म्हातारी ते काम करू लागली. लग्नाकार्यात अम्मा जाऊन बसली, की शेजारच्या दोघी बोलता बोलता थांबायच्या. एकदा तिच्या देखत एक जण म्हणाली, "हितं नगं बाई, पाठ करून बसा, न्हाईतर उद्या कबनूरला कळायचं." सगळ्या हसल्या. अम्माही थोडी हसली. मी तिथंच होते आणि बिर्याणीनं माखलेली बोटं पुसत होते.

एक गोष्ट मात्र तिनं सोडली नाही. आमच्या परसात बोरीचं झाड होतं. कुठं बाई वारल्याचं कानावर आलं, की अम्मा पाला तोडायची, काटे बघून बघून, आणि फडक्यात बांधून त्या घरी पाठवून द्यायची. पाला लोक घ्यायचे.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी कुरुंदवाडला गेले. आपाचं ठरेना. चार-पाच वर्षांनी तिला एका विधुराच्या घरी दिली, दोन मुलांचा बाप, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी घर. माहेरी गेले की ती दिसायची. बोलायची, मुलांची चौकशी करायची. मी खाली मान घालून उत्तरं द्यायची. मागच्या गल्लीतली म्हातारी थकल्यावर तिचं काम आपानं उचललं, हे मला अम्मानंच सांगितलं. म्हणजे अम्मा फडक्यात बांधून पाला पाठवायची तो आपाच्याच हाती जायचा.

कुरुंदवाडला माझे सासरे उर्दू वाचणारे होते. सायकलचं दुकान, हाताला कायम ग्रीस, पण दुपारी दुकानाच्या फळीवर पुस्तक उघडून बसायचे. एकदा धीर करून त्यांना विचारलं, अब्बाजी, सत्तारचा अर्थ काय? मौलानांनी सांगितला होता तोच त्यांनी सांगितला. मी म्हटलं, झाकणं आणि लपवणं यांत फरक काय? आपण मराठीत चुकीवर पांघरूण घालणं म्हणतो ते काही चांगल्या अर्थानं म्हणत नाही.

ते चाकाची तार ताणत होते, ती तशीच धरून म्हणाले, "लपवनारा सोतासाठी लपवतोय, पोरी. झाकनारा दुसऱ्यासाठी झाकतोय. आनि एक ध्यानात घे, ज्यानं बघितलंच न्हाय त्यानं काय झाकायचं? त्याला समदं दिसतंय. बघून झाकतोय, म्हनून त्याचं नाव सत्तार." मग गिऱ्हाईक आलं आणि ते पंपाकडे वळले.

मी आत जाऊन चुलीपुढं बसले. अम्मानं मान उचलून माझ्याकडे पाहिलं होतं ते मला आठवलं. इतकी वर्षं मी समजत होते की तिनं आईच्या मायेनं आंधळेपणानं मला वाचवलं. ती आंधळी नव्हती. तिनं माझा ऐब पुरता पाहिला, त्याची किंमत मोजून पाहिली, आणि मग चादर ओढली. त्या चादरीत ती स्वतः उघडी पडली. त्या दुपारी मी ठरवलं, पुढच्या खेपेला गेले की आपाला सांगायचं. पुढच्या खेपेला सांगितलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

दोन हजार सालानंतर आमच्या दुकानात मोबाइल आला आणि त्यावर एका सकाळी अब्बांचा फोन आला. अम्मा गेली होती. पहाटेच्या नमाजाला उठली आणि तशीच बसून राहिली.

मी पोचले तेव्हा घरात बायकांची दाटी होती. गुस्ल कोण देणार हा प्रश्न कुणी तोंडानं विचारत नव्हतं. परसात पाणी तापत होतं. बोरीच्या झाडाखाली आपा पाला तोडत होती, काटे बघून बघून. मला पाहून तिनं फडकं माझ्या हातात दिलं. "तू लेक हाईस," ती म्हणाली. "तूबी चल माझ्यासंगं."

तिनं ट्रंक उघडली. पिशव्या घडी घालून तळाशी ठेवलेल्या होत्या, बारा वर्षं झाली तरी पांढऱ्या स्वच्छ. अम्मा दरवर्षी धुऊन ठेवत असणार. एक जोडी आपानं घेतली, एक मला दिली. माझ्या बोटांना नाडी बांधता येईना, ती तिनं बांधली.

पाणी कोमट आहे की नाही ते आपानं कोपरानं पाहिलं, जसं अम्मा पाहायची. उजव्या बाजूनं सुरुवात केली. आम्ही दोघी कलमा पुटपुटत होतो. अम्माचे हात किती हलके झाले होते. तिला कुशीवर वळवताना चादरीची कड सरकली आणि अम्माच्या अंगावर मला एक गोष्ट दिसली. ती मला माहीत नव्हती. अब्बांनाही माहीत असेल की नाही, सांगता येत नाही. आपालाही दिसली. तिनं माझ्याकडे न बघता कड ओढून घेतली आणि पाणी घालत राहिली.

ती गोष्ट मी इथं लिहिणार नाही. नवऱ्याला सांगितलेली नाही, मुलीला सांगितलेली नाही. ती सांभाळताना मला पहिल्यांदा कळलं, की अम्मा त्या चहाच्या बायकांसमोर तांदूळ निवडत बसायची तेव्हा आतून किती भरलेली असायची.

कफन नेसवून झालं. केसांच्या वेण्या आपानं छातीवर घेतल्या, वरून ओढणी सारखी केली. मग आम्ही दोघी मोरीत हात धुवायला बसलो. तिनं तांब्या घेतला आणि माझ्या हातावर पाणी घातलं. अम्मानं घातलं होतं तसंच. माझ्यानं राहवलं नाही.

"आपा," मी म्हटलं, "कबनूरला ते मी बोललेते. अम्मा न्हवं. अम्मानं कुनाला कायबी सांगितलं न्हवतं."

तिच्या हातातली धार थांबली नाही. "ठाव हाय," ती म्हणाली.

"अम्मानं सांगितलं?"

"त्या कवा सांगतील व्हय? मी दारात हुते की त्या दिशी. व्हय म्हनायच्या आधी त्यांनी तुझ्याकडं बघितलं."

मला वाटलं होतं मी बारा वर्षं काहीतरी लपवते आहे. तिला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. माझ्या लग्नात तिनंच माझ्या हातावर मेंदी काढली होती, हे मला तिथं मोरीत बसल्या बसल्या आठवलं. तिचं मोडलेलं होतं आणि ती माझी मेंदी काढत होती, मान खाली घालून, बोलत बोलत.

"मग बोलली का न्हाईस? गल्लीनं अम्माला एवढं बोलून घेतलं. तू एक शब्द टाकला असतास तर..."

तिनं तांब्या पालथा घातला. तिचेही डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता, कोल्हापुरी, सरळ.

"अम्मांनी माझ्यासमोर चादर वढली," ती म्हणाली. "ती मी कशी उचलायची? आनि तवा तुझंबी लगीन ठरायचं हुतं की."

बाहेर बायका शेवटचं तोंड बघायला थांबल्या होत्या. आपा पदर सारखा करत दाराकडे गेली. मी मागं वळून अम्माकडे पाहिलं. तिचा चेहरा होता तसाच होता, सावळा, ओढलेला, फार दमलेल्या बाईचा.

"कशा दिसत्यात गं?" दारातून कुणीतरी विचारलं.

"या की, बघा," आपा म्हणाली. "त्वांडावर लई नूर हाय."